आंबेखोरीतली पत्त्यांची खोली

कोंडू निरगुडा 'हो' म्हणायला फार वेळ घेतो. बैल घ्यायचा असो की घरात मुलीला मागणी आलेली असो, तो समोरच्याचं सगळं ऐकून घेतो, डोक्याचा टॉवेल सोडून गुडघ्यावर ठेवतो आणि "बगू" एवढंच म्हणतो. मग काही दिवसांनी स्वतः चालत तुमच्या दारी येतो. तेव्हा जे सांगतो ते पुन्हा बदलत नाही. डोळखांबच्या पलीकडे, आजोबा या डोंगराच्या पायथ्याशी, आंबेखोरी नावाचा ठाकर आदिवासींचा पाडा आहे. तिथल्या शाळेत मी बरीच वर्षं शिकवलं. निवृत्तीनंतर किन्हवलीला राहायला आलो तरी कोंडूचं माझ्याकडे आणि माझं त्याच्याकडे जाणं-येणं राहिलं. त्याने आयुष्यात विचार करकरून दिलेल्या एका 'हो'मुळे त्याचं काय झालं, ते मी जवळून पाहिलं आहे.

कोंडू आता साठी ओलांडलेला, काटक, बोलताना समोरच्याच्या पायांकडे बघणारा माणूस आहे. पाड्यात त्याला दोन कारणांनी मान. एक म्हणजे दिवाळीच्या तोंडावर वाघबारशीला, वाघाने गुरं धरू नयेत म्हणून, वाघोबापुढे नारळ फोडायचा तो त्याच्या घराण्याने. दुसरं कारण बाहेरच्या माणसाला सांगावं लागतं. आंबेखोरीत काही ठरवायचं असलं की सगळी घरं जमतात आणि मधोमध पळसाच्या पानावर मूठभर तांदूळ ठेवतात. बोलून झालं, सगळ्यांचं एकमत झालं, की एकजण ते पान उचलतो. पान उचलणाऱ्याने त्या ठरावाचा जबाब द्यायचा. उद्या कोणी परका येऊन "हे कोणी केलं?" म्हणून विचारू लागला, तर त्याने पुढे व्हायचं, आणि तेही बोलावणं यायच्या आधी. बोलावल्यावर जाणं पाड्यात कमीपणाचं समजतात. कोंडूने अशी पानं पुष्कळ उचलली होती. पाण्याची टाकी कुठे बांधायची, वनहक्काचे दावे कोणी घेऊन जायचे, शाळेची भिंत पडली तेव्हा कोणाकडे जायचं, सगळी त्याचीच.

त्याच्या माळावरच्या तुकड्यात मुरबाडचा रितेश पाहुण्यांसाठी खोल्या चालवत असे. रितेशच्या वडिलांचं मुरबाडला भांड्यांचं दुकान. स्वतः तो काही वर्षं गोव्याच्या हॉटेलांत राहून आलेला, बोलघेवडा, पण मनाने वाईट नाही. आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला कलेक्टरच्या परवानगीशिवाय देता येत नाही, म्हणून जमीन आणि खोल्या कोंडूच्या नावावर, व्यवस्था रितेशची. डोंगर चढायला येणारी मुंबई-ठाण्याची पोरं तिथे उतरत. कोंडूची बायको सकुबाई आणि शेजारच्या बायका त्यांना नाचणीची भाकरी करून घालत. एका पावसाळ्याच्या शेवटी रितेशने पाड्यापुढे नवी गोष्ट मांडली. मोठी खोली बांधायची आणि शनिवार-रविवार तिथे पैसे लावून पत्त्यांचा पोकर हा खेळ खेळायला माणसं आणायची. बारा महिने काम मिळेल, दिवाळीनंतर कोणाला वीटभट्टीवर जावं लागणार नाही, असं तो म्हणाला.

हे शेवटचं वाक्य सगळ्यांच्या मनात बसलं. आंबेखोरीची निम्मी घरं दिवाळी झाली की कुलूप लावून भिवंडीकडे भट्ट्यांवर जातात आणि पोरंही बरोबर जातात. पौषात वर्गाच्या मागच्या रांगा रिकाम्या कशा दिसतात, ते मला कोणी सांगायला नको.

सभेला रितेशने वकील आणला होता. वकिलाने समजावलं, "जुगाराचा कायदा इंग्रजांच्या वेळचा आहे. पण निव्वळ कौशल्याच्या खेळाला तो लागू नाही, असं त्याच कायद्यात लिहिलंय. रमी कौशल्याची, हे वरच्या कोर्टाने मानलंय. पोकरचं आपल्याकडे अजून पक्कं ठरलेलं नाही. एका राज्याचं कोर्ट कौशल्य म्हणतं, दुसऱ्याचं जुगार म्हणतं. शिवाय हा अनुसूचित भाग. इथे दारूच्या दुकानाला ग्रामसभा नाही म्हणू शकते. मग पत्त्यांच्या खोलीला हो का म्हणू शकणार नाही?"

"म्हंजे चालतं का नाय चालत?" म्हातारा महादू म्हणाला. पाड्यात त्याच्याइतकं वय कोणाचंच नाही.

"बंदी आहे असं कोणी म्हणू शकत नाही," वकील म्हणाला.

सकुबाई मागून बोलली, "हातात येतो त्यो पत्ता नशिबाचा, टाकतो त्यो अकलेचा. मंग पोलीस आला तर आर्धाच मानूस धरंल का रे?"

बायका तोंडाला पदर लावून हसल्या. वकीलही हसला आणि म्हणाला, "मावशी, कोर्टातसुद्धा याच्यावरच भांडण आहे."

कोंडूने टॉवेल गुडघ्यावर ठेवला आणि म्हणाला, "बगू."

मग तो विचारायला निघाला. मला बरोबर घेतलं. तालुक्याच्या कचेरीत कारकुनाने नीट ऐकून घेतलं आणि सांगितलं, "अशा परवानगीचा अर्जच आमच्याकडे नसतो. नसलेल्या अर्जाला आम्ही हो-नाही कसं म्हणणार?" पोलिसांकडे ठाणे अंमलदार म्हणाला, "तक्रार आली तर बघू. आधीपासून कसं सांगणार, बाबा?" माझा एक विद्यार्थी शहापूरला वकिली करतो, त्याच्याकडेही गेलो. तो म्हणाला, "गुरुजी, मी लिहून देणार नाही. असंही नाही आणि तसंही नाही." तिघेही खरं तेच बोलत होते. परत येताना एसटीत कोंडू बराच वेळ बाहेर बघत होता. मग म्हणाला, "कुनी नाय म्हनला नाय."

"कुणी हो पण म्हणालं नाही, कोंडू," मी म्हणालो.

"व्हय. पन वाईट आसता तर यकानं तरी नाय म्हनला आसता."

दसऱ्याच्या सुमाराला झालेल्या सभेत त्याने पान उचललं.

त्या वर्षी दिवाळीनंतर आंबेखोरीतून एकही घर भट्टीवर गेलं नाही. खोली उभी राहिली. गवंडीकाम, स्वयंपाक, धुणं, गाड्या उभ्या करायची जागा, सगळं काम पाड्याच्या लोकांना मिळालं. मी गेलो तेव्हा शाळा गच्च भरलेली होती. नव्या बाईंना सगळ्या मुलांना बसवायला पट्ट्या कमी पडत होत्या. त्या खोलीतही मी एकदा डोकावलो. हिरव्या कापडाचं लांबट टेबल आणि भोवती आठ-नऊ माणसं. कोणी मोठ्याने बोलत नव्हतं. प्रत्येकाच्या हातात दोन पत्ते, मधे पाच उघडे, पुढ्यात पैशांच्या बदल्यात घेतलेल्या रंगीत चकत्या. गोकुळाष्टमीला आमच्याकडे घरोघर पत्ते पडतात तेव्हा जो आरडाओरडा असतो, त्यातलं इथे काहीच नव्हतं. कोंडू पाण्याचा तांब्या घेऊन भिंतीला उभा होता. बाहेर आल्यावर मला हळूच म्हणाला, "ही मानसं परीक्षेला बसल्यासारखी बसतात, गुरुजी. मंग ह्यो जुगार कसा? पन उठतात तवा यकाचाच तोंड हसरा आसतो."

पौष पौर्णिमेला म्हशाची जत्रा असते. कोंडू मुरबाडला बहिणीकडे उतरला होता. जत्रेत घोंगडी घ्यायची आणि नांगराचा बैल बघायचा, असा बेत होता. जत्रा चालू असतानाच्या रविवारी दुपारी आंबेखोरीत पोलीस आले. कोणीतरी तक्रार दिली होती. त्यांनी पत्ते, चकत्या, खेळणारी माणसं आणि रितेशला नेलं. पाड्यातल्या कोणाला हात लावला नाही. स्वयंपाकाच्या बायकांची नावं विचारली आणि सोडून दिलं. कोंडूचं नाव त्या वेळी कोणी काढलंच नाही. रितेशनेही नाही. "व्यवस्था माझी," एवढंच त्याने सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोंडू एसटीतून उतरला. सकुबाई फाट्यावर त्याला सांगायला आली होती. पुढचं तिनेच मला सांगितलं. ऐकून झाल्यावर त्याने नवी घोंगडी तिच्या हातात दिली आणि आला त्याच रस्त्याला परत वळला.

"कुठं चाललास?"

"पोलीस ठान्यात."

"कुनी बोलावला नाय तुला. नाव नाय तुजा त्यात."

"बोलावल्यावर जायचा म्हंजे गुन्हेगारासारखा जायचा. पान म्या उचललाय."

"आरं, त्यांना काय म्हाईत तुजा पान?"

"म्हनूनच जाया पायजे," कोंडू म्हणाला.

ठाण्यातल्या हवालदाराने त्याला घरी पाठवायचा प्रयत्न केला, हे मी आवर्जून लिहितो. "बाबा, तुमचं यात काही नाही. चहा घ्या आणि घरी जा." कोंडूने चहा घेतला आणि बाकावर बसून राहिला. साहेब आल्यावर उठून उभा राहिला आणि विचारायच्या आधीच म्हणाला, "जागा माजी हाय. खेळाला पाड्यानं हो म्हनला. त्याचा जबाब माज्यावर हाय." साहेबांनी दोनदा विचारलं, "तुम्हाला कळतंय का काय सांगताय?" तो म्हणाला, कळतंय. मग त्यांचाही इलाज उरला नाही. कायद्यात जागा देणाऱ्यालाही गुन्हेगारच धरतात. जुगाराचा अड्डा चालवायला जागा दिल्याबद्दल रितेशच्या खाली कोंडू निरगुडाचं नाव लागलं.

जामिनावर घरी आलेल्या कोंडूला मी भेटायला गेलो तेव्हा तो घराची कुडाची भिंत सारवत होता. मी रागावलोच. "अरे, गप्प बसला असतास तर तुझ्यावर काही आलं नसतं."

"माज्यावर आला त्याचा काय नाय, गुरुजी," तो म्हणाला. "आता कोर्ट तरी सांगंल चुकला का नाय ते. म्या तीन ठिकानी विचारून आलो, कुनी सांगितला नाय. आता सांगावा लागंल."

त्याला शिक्षेची भीती वाटत नव्हती, ती मला वाटत होती. त्याला उत्तर हवं होतं, आणि त्याचं कारण मला त्या वर्षीच्या वाघबारशीला कळलं. नारळ फोडायच्या वेळी कोंडू पुढे झालाच नाही. ज्याच्यावर परक्याने ठपका ठेवला आहे आणि तो अजून फिटलेला नाही, त्याच्या हातचा नारळ वाघोबाला कसा चालेल, असं तो म्हणाला. "कोर्टानं चुकला नाय म्हनला तर फोडंन. चुकला म्हनला तर जो दंड पडंल त्यो भरंन, पाड्याला जेवान घालंन आन् मंग फोडंन. पन आधी कळाया पायजे." तो हयात असताना घराण्यातल्या दुसऱ्या कोणाला तो मान नाही, म्हणून त्या वर्षी नारळ अख्खाच वाघोबाच्या दगडापुढे ठेवला. पुढच्या वर्षीही तसाच.

खोलीला पोलिसांचं सील होतं. भट्टीची घरं पुन्हा भट्टीवर गेली. शाळेच्या मागच्या रांगा पुन्हा रिकाम्या झाल्या. दुसऱ्या वर्षी मार्गशीर्षात पाड्यातल्या कमळाबाईच्या गोठ्यातून बिबट्याने वासरू नेलं. पाणवठ्यावर ती सगळ्यांदेखत कोंडूला म्हणाली, "तुज्या कोर्टाची तारीक संपायची वाट वाघ बघनार हाय का रे?" कोंडूने मान खाली घातली. बिबटे आमच्या भागात दर वर्षी वासरं नेतात, हे कमळाबाईलाही ठाऊक आहे. तरी तिचं ते वाक्य कोंडूने गिळलं ते गिळलंच. त्या दिवसापासून तो हंडा घेऊन पाणवठ्यावर जाईना. सकुबाई एकटीच पाणी आणू लागली.

तारखांना तो आणि रितेश बरोबर जात. कोर्टाबाहेर बसत, कधी आतून पुकारा होई, कधी नुसतीच पुढची तारीख मिळे. रितेश वडापाव आणायचा. मीही कधी जायचो. एकदा रितेश म्हणाला, "बाबा, मी तुमचं नाव घेतलं नव्हतं हां. आईशप्पत."

"म्हाईत हाय रे मला. तू चांगला वागलास. म्या माज्या पायांनी आलो."

"पण मला ना, लाज वाटते. तुम्ही इथे बसता आणि मला लाज वाटते."

"मंग वडापाव आनत जा," कोंडू म्हणाला. रितेश हसला खरा, पण लगेच दुसरीकडे बघू लागला.

छापा पडला त्या वर्षीच्या पावसाळ्यात एक बातमी आली. आपल्या राज्यात कॅसिनोला परवानगी देणारा एक कायदा फार पूर्वी मंजूर झालेला होता, पण तो कधी लागूच केला नव्हता. आता सरकारने तो काढूनच टाकला. रितेशने मोबाइलवर वाचून दाखवलं. कोंडूने दोनदा वाचायला लावलं.

"जो कायदा लागलाच नवता, तो काढला कसा?"

रितेशचा वकील म्हणाला, "म्हणजे कॅसिनोला आता दारच नाही. पण आपला मुद्दा कॅसिनोचा नव्हताच. आपला मुद्दा कौशल्याचा."

"म्हंजे माज्यावर याचा काय फरक?"

"काहीच नाही," वकील म्हणाला. मी पाहिलं, या उत्तराने कोंडू पहिल्यांदा खचल्यासारखा बसला.

गेल्या उन्हाळ्यात खटला संपला. पोकर कौशल्याचा की जुगार, तिथपर्यंत गोष्ट पोचलीच नाही. छाप्यासाठी लागणारं अधिकारपत्र रेकॉर्डवर नीट आलेलं नव्हतं. त्या मुद्द्यावर सगळेच सुटले. रितेशने माझा हात दाबला. लोक बाहेर निघू लागले. कोंडू जागचा हलला नाही. त्याने शाळेतल्या मुलासारखा हात वर केला. शिपाई त्याला बसवायला निघाला, तर न्यायाधीश बाईंनीच त्याला थांबवलं. बाई तरुण होत्या.

"काय आहे, आजोबा?"

"बाई, आमी चुकलो का नाय?"

बाईंनी हातातला पेन खाली ठेवला. "तुमच्यावर आता आरोप नाही."

"ते कळला. पन त्यो खेळ बरोबर होता का चुकीचा?"

बाहेर निघालेले लोकही बाई काय म्हणतात ते ऐकायला दारात थांबले. "तो प्रश्न आता माझ्यासमोर उरलेला नाही," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "मला त्यावर काही बोलता येणार नाही."

कोंडूने हात जोडले आणि बाहेर आला. रितेश आनंदात होता. "बाबा, सुटलो! आता कोणी अडवू शकत नाही. म्हणाल तर खोली पुन्हा सुरू करतो."

"नको," कोंडू म्हणाला. त्याला इतक्या लवकर काही म्हणताना मी तेवढं एकदाच ऐकलं.

वाघबारशीच्या आदल्या आठवड्यात त्याने पाडा जमवला. मला निरोप धाडला म्हणून मीही गेलो आणि मागे बसलो. तो उभा राहून बोलला. पाड्यात बसूनच बोलतात, म्हणून लोक आधीच चूप झाले.

"कोर्टानं सोडला," तो म्हणाला. "पन सांगितला नाय. आता तुमी सांगा. म्या चुकलो का नाय?"

महादू म्हणाला, "येवड्या मोट्या कोर्टाला जमला नाय ते आमाला कसा जमंल रे, कोंडू? सुटलास, झाला. नारळ फोड."

मग कमळाबाई पुढे सरकली. तिच्या वासराची गोष्ट सगळ्यांच्या मनात होती, म्हणून सगळे तिच्याकडे बघू लागले. ती म्हणाली, "त्या दिशी आमी समद्यांनी हो म्हनलावता. माजी सून त्या खोलीत भाकऱ्या भाजीत होती, ते पैशे म्या घेतलेत. दोष आसंल तर समद्यांचा."

"समद्यांचा म्हनला की कुनाचाच व्हत नाय, कमळावयनी," कोंडू शांतपणे म्हणाला. "मंग ठपका तसाच ऱ्हातो. तुमी सांगत नाय तर म्याच सांगतो."

त्याने डोक्याचा टॉवेल सोडला, पण या वेळी गुडघ्यावर ठेवला नाही, हातातच धरून ठेवला.

"पत्ते वाईट का चांगले, ते मला अजून कळला नाय. कुनालाच कळला नाय. त्याचा म्या काय बोलत नाय. पन म्या तीन ठिकानी गेलो. गुरुजी संगती होते, विचारा त्यांना. कुनी हो म्हनला नाय, कुनी नाय म्हनला नाय. आन् म्या घरी येऊन पाड्याला सांगितला, कुनाची हरकत नाय. हो नवता, त्याला म्या हो धरला. पोरा भट्टीवर जाऊ नयेत म्हनून धरला, पन धरला. तेवढा चुकला. ते माजा यकट्याचा."

सकुबाई जमिनीकडे बघत होती. तिला हे आधी सांगितलेलं नव्हतं, हे तिच्या चेहऱ्यावरून दिसत होतं.

"मंग दंड काय?" महादूने विचारलं.

"नारळाचा मान मंगळूला द्या," कोंडू म्हणाला. मंगळू त्याच्या धाकट्या भावाचा मुलगा. "माज्या हयातीत द्या. मेल्यावर दिला तर त्यो दंड व्हत नाय."

मंगळू मागे सरला. "काका, म्या नाय घेत."

"घे रे. नाय म्हनायचा तर नाय म्हन, पन नीट म्हन. उगी गप नको बसू."

"घेतो, काका," मंगळू म्हणाला. सकुबाई उठली आणि घराकडे गेली. नंतर मी तिला दारात गाठलं. ती म्हणाली, "गुरुजी, आमच्या घरचा मान ह्यानं देऊन टाकला." मग म्हणाली, "पन अडीच वर्सानं काल रातीला तो गप निजला. तवा म्या काय बोलू?"

वाघबारशीच्या दिवशी ऊन कडक होतं. माळाच्या कडेला शेंदूर लावलेल्या दगडापुढे सगळा पाडा उभा होता. भट्टीवर जायची घरं अजून निघाली नव्हती. रितेशही आला होता, लांब उभा होता, पायांतल्या चपला काढून. मंगळूने नारळ दगडावर मारला. पहिल्याने फुटला नाही, दुसऱ्याने फुटला, पाणी त्याच्या मनगटावरून ओघळलं. इतकी वर्षं नारळ फोडणारा काकाच पहिलं खोबरं घेताना त्याने पाहिला होता, म्हणून हातातला तुकडा घेऊन तो सरळ कोंडूकडे गेला. कोंडू रांगेत महादू आणि कमळाबाईच्या पलीकडे, दुसऱ्या माणसांसारखाच ओंजळ करून उभा होता.

"वळीनं दे रे," तो म्हणाला.

मंगळू मागे फिरला आणि त्याने पहिला तुकडा महादूला दिला, मग कमळाबाईला, मग कोंडूला. कोंडूने खोबरं कपाळाला लावलं आणि खाल्लं.